संस्कारांची वहिवाट : आगरदांडा परिसर, कोकण किनारा आणि जैन परंपरा

कोणतेही मूल जैन आचार घेऊन जन्माला येत नाही. पाणी गाळून प्यावे, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपावे, मुंगीला वाट द्यावी, वर्षातून एकदा तरी सर्व जीवांची क्षमा मागावी, या गोष्टी त्याला कोणीतरी शिकविलेल्या असतात. बहुतेक वेळा शिकविणाऱ्यालाही आपण काही शिकवीत आहोत याची जाणीव नसते. उत्तराध्ययन सूत्राच्या पंचविसाव्या अध्ययनात माणसाची ओळख त्याच्या जन्माने नव्हे, तर त्याच्या कर्माने ठरते असा विचार मांडला आहे. हा न्याय आपल्यालाही लागू आहे. जैन कुळात जन्म झाला म्हणून जैनत्व आपोआप लाभत नाही. ते प्रत्येक पिढीला नव्याने मिळवावे लागते आणि आधीच्या पिढीला ते नव्याने द्यावे लागते.

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी या देवघेवीचा इतिहास पाहणे उचित ठरेल. मंदिराची वास्तू, प्रतिष्ठा, जीर्णोद्धार यांच्या नोंदी दप्तरात राहतात. संस्कारांची नोंद मात्र कोणत्याही वहीत होत नाही. ते माणसांच्या सवयींत राहतात, आणि सवय मोडली की मागे खूण न ठेवता नाहीसे होतात. म्हणून त्यांचा मागोवा घेण्याचे महत्त्व अधिक आहे.

खाडीकाठचा प्राचीन वारसा

आगरदांडा हे मुरूड तालुक्यातील गाव राजपुरीच्या खाडीवर वसले आहे. समोरच्या तीरावर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी, आणि खाडीच्या मुखाशी जंजिऱ्याचा जलदुर्ग. पूर्वी होड्या आणि आता वाहनेही नेणारी फेरीबोट या दोन तीरांना जोडते. येणे-जाणे आणि देणे-घेणे हा या खाडीचा जुना स्वभाव आहे. खाडीच्या आतील अंगास, आजच्या तळा तालुक्यात, कुडे येथील बौद्ध लेणी आहेत. तेथील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत श्रेष्ठी आहेत, सार्थवाह आहेत, माळी आहे, आणि कराडहून आलेला लोखंडाचा व्यापारीही आहे. ही लेणी जैनांची नव्हेत. परंतु व्यापारात मिळालेल्या धनाचा एक भाग धर्मकार्याला द्यावा ही रीत या खाडीला किती काळापासून परिचित आहे, हे त्यांवरून कळते.

जैन परंपरेचा महाराष्ट्रातील पुरावाही तितकाच जुना आहे. पुणे जिल्ह्यातील मावळात पाले येथील गुहेत एक ब्राह्मी लेख सापडला. अभ्यासक त्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या ते पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्या लेखाचा प्रारंभ अरिहंतांना केलेल्या वंदनाने होतो. आज एखाद्या जैन घरात आजी तान्ह्या नातवाच्या कानात जे वंदन पहिल्यांदा म्हणते, त्याच भावाचे शब्द सह्याद्रीच्या खडकावर दोन हजार वर्षांपूर्वी कोरले गेले आहेत. मधल्या काळात राज्ये आली आणि गेली, लिप्या बदलल्या, भाषा बदलल्या, वंदन टिकले. ते खडकाने टिकविले असे म्हणता येणार नाही, कारण तो लेख शतकानुशतके कोणाच्या वाचनात नव्हता. ते टिकविले मुखामुखाने.

कोकण किनाऱ्याशी निगडित अशा दोन कथा जैन परंपरेत विशेष प्रिय आहेत. पहिली सोपाऱ्याची. दीर्घ दुष्काळात धान्य मिळेनासे झाले, तेव्हा सोपारा येथील जिनदत्त श्रेष्ठीच्या कुटुंबाने अखेरचे अन्न शिजवून त्यात विष कालवून प्राणत्याग करण्याचे ठरविले. त्याच वेळी वज्रसेनसूरी गोचरीसाठी तेथे आले. उद्या धान्याची जहाजे बंदराला लागतील, असे सांगून त्यांनी त्या कुटुंबाला थांबविले. जहाजे आली, कुटुंब वाचले आणि श्रेष्ठीच्या चार पुत्रांनी दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निर्वृत्ती आणि विद्याधर ही श्रमणसंघाची चार कुळे त्यांच्या नावाने ओळखली जातात, असे परंपरा मानते.

दुसरी कथा श्रीपाल राजा आणि मयणासुंदरीची. धवल शेठाने कपटाने समुद्रात ढकललेला श्रीपाल सिद्धचक्राच्या प्रभावाने कोकणच्या किनाऱ्याला लागतो आणि ठाणे नगरीत पोहोचतो. ठाण्यातील मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिराला ‘कोकण शत्रुंजय’ म्हणतात, आणि त्याचे नाते याच कथेशी जोडले जाते. विनयविजयजींनी रांदेर येथे विक्रम संवत १७३८ मध्ये ‘श्रीपाल रास’ रचावयास घेतला. त्यांच्या देहावसानानंतर उपाध्याय यशोविजयजींनी तो पूर्ण केला. चैत्र आणि आश्विनातील आयंबिलाच्या ओळीत हा रास आजही वाचला जातो.

या कथा ऐतिहासिक कसोटीवर कितपत उतरतात हा प्रश्न निराळा. संस्कारांच्या दृष्टीने त्यांचे मोल वेगळे आहे. समुद्राकाठी वाढणारे मूल जेव्हा ऐकते की धर्मकथेतील राजा आपल्याच किनाऱ्याला लागला आणि धान्याची जहाजे आपल्यासारख्याच बंदरात आली, तेव्हा दूरच्या मगध देशातील धर्म त्याला आपल्या अंगणातील वाटू लागतो.

तीन भाषांतील बालपण

कोकणातील बहुसंख्य श्वेतांबर जैन कुटुंबांचे मूळ गुजरात, कच्छ, सौराष्ट्र अथवा राजस्थानातील गोडवाड, सिरोही, जालोर या भागांत आहे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा आणि जंजिरा यांच्या गॅझेटिअरमध्ये गुजराती व मारवाडी वाण्यांची नोंद आढळते. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा ‘छप्पनिया’ दुष्काळ राजस्थान-गुजरातेत भीषण ठरला आणि त्यानेही अनेकांना गाव सोडावयास लावले. जंजिरा संस्थानाचा तर सौराष्ट्राशी थेट राजकीय संबंध होता. काठियावाडातील जाफराबाद हे बंदर जंजिऱ्याच्या नवाबाच्याच अमलाखाली होते. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा भाग कुलाबा जिल्ह्यात आला. १९८१ पासून तो जिल्हा रायगड या नावाने ओळखला जातो.

परगावाहून आलेल्या अशा घरातील मूल एकाच वेळी तीन भाषांत वाढले. स्वयंपाकघरात मारवाडी किंवा गुजराती, शाळेत आणि बाजारात मराठी, आणि मंदिरात प्राकृत. पहिली भाषा आईची, दुसरी गावाची, तिसरी धर्माची. एखाद्याला वाटेल की यामुळे मुलाची ओढाताण होत असेल. पण या तीन भाषांचे नाते वरवर दिसते त्यापेक्षा जवळचे आहे. आगमांची भाषा अर्धमागधी असली, तरी श्वेतांबर परंपरेतील चूर्णी, कथा आणि चरित्रे यांचा मोठा भाग ज्या प्राकृतात लिहिला गेला, तिला विद्वान ‘जैन महाराष्ट्री’ म्हणतात. आणि महाराष्ट्री प्राकृत ही मराठीची पूर्वज होय.

येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. उद्योतनसूरींनी शके ७०० च्या अखेरीस, म्हणजे इसवी सन ७७९ मध्ये, जालोर येथे ‘कुवलयमाला’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्यात बाजारपेठेत जमलेल्या नाना देशांच्या व्यापाऱ्यांचे वर्णन आहे. त्यांत मरहट्ट देशाचे व्यापारी आहेत आणि त्यांच्या बोलीचा नमुनाही दिला आहे. मराठी बोलीच्या जुन्या नोंदींत या उल्लेखाची गणना होते. म्हणजे मराठी माणसाचे बोलणे जालोरच्या एका जैन आचार्यांनी बाराशे वर्षांपूर्वी कान देऊन ऐकले आणि लिहून ठेवले. पुढे त्याच जालोर-सिरोहीकडील कुटुंबे कोकणात आली आणि त्यांच्या नातवंडांनी ती बोली आपली मानली.

मराठीचे आणखी दोन जुने पुरावे याच अनुषंगाने आठवतात. अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेख शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जातो आणि मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांत त्याचे स्थान आहे. दुसरा पुरावा श्रवणबेळगोळ येथील गोम्मटेश्वर बाहुबलींच्या चरणांशी कोरलेला मराठी लेख. एक आपल्या जिल्ह्यातला, एक आपल्या धर्मतीर्थावरचा. मराठी आणि जैन परंपरा परस्परांना परक्या नाहीत, हे मुलांना सांगण्यासाठी यापेक्षा उत्तम साक्ष कोणती?

घर : पहिली पाठशाळा

आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात सम्यग्दर्शनाच्या प्राप्तीचे दोन मार्ग सांगितले आहेत : निसर्ग आणि अधिगम. एकाला बाहेरून उपदेश लागत नाही, दुसऱ्याला लागतो. शास्त्रकारांचा विषय मोक्षमार्गाचा आहे, हे खरे. परंतु लौकिक संस्कारांच्या बाबतीतही असा भेद दिसून येतो. काही गोष्टी मूल पाहता पाहता उचलते, काही त्याला बसवून शिकवाव्या लागतात.

पाहता पाहता उचलण्याची जागा म्हणजे घर, आणि घरातही विशेषतः स्वयंपाकघर. पाण्याच्या भांड्यावर बांधलेले गरणे, सकाळी उकळून ठेवलेले पाणी, कांदा-बटाट्याविना शिजणारी भाजी, चोमासात पालेभाजी वर्ज्य, पर्वतिथीला हिरवी भाजी नाही, संध्याकाळी दिवेलागणीपूर्वी वाढली जाणारी ताटे, ही सारी शिकवण शब्दांवाचून होते. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे थांबून नवकारशीचे पच्चक्खाण पारायचे, हे मूल आधी घड्याळ वाचायला शिकण्यापूर्वी शिकते. सामायिकाची दोन घटिकांची, म्हणजे ४८ मिनिटांची बैठक आजी करीत असताना तिच्या कटासण्याच्या कडेला बसून चरवळ्याशी खेळणारे मूल हे दृश्य कोणत्याही जैन घराला अपरिचित नाही. त्या मुलाला सामायिकाचा अर्थ ठाऊक नसतो. या वेळात आजी कोणावर रागावत नाही, एवढे मात्र त्याच्या लक्षात राहते. समताभावाची यापेक्षा सोपी व्याख्या करता येणार नाही.

या शिक्षणाचा भार मुख्यतः स्त्रियांनी वाहिला. कोकणच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. जैन साधू-साध्वी पायी विहार करतात, वाहन वापरीत नाहीत. आचारांग सूत्रात नदी ओलांडताना नावेचा उपयोग कोणत्या मर्यादेत करावा याचे तपशीलवार नियम आहेत. त्यावरून नौकाप्रवास हा त्यांच्या दृष्टीने सहज करण्याची गोष्ट नव्हती हे स्पष्ट होते. ज्या किनाऱ्याला दर काही कोसांवर एक खाडी आडवी येते, जेथे डोंगर थेट समुद्रापर्यंत उतरतात आणि जेथे जैन घरे मोजकी असल्याने गोचरीची सोयही मर्यादित, तेथे साधुभगवंतांचा चातुर्मास हा दुर्मीळ योग असणार. मोठ्या शहरांत उपाश्रयातील प्रवचनाने जे होते, ते अशा गावांत घरच्या सासूने, सुनेने आणि पाठशाळेतील शिक्षिकेने केले. प्रतिक्रमण येणाऱ्या एखाद्या वृद्ध श्राविकेच्या आवाजावर सारा संघ संवत्सरी साजरी करीत असेल, तर ती श्राविका त्या गावाची गुरूच म्हटली पाहिजे.

स्त्रीशिक्षणाचे हे मोल ओळखून विसाव्या शतकाच्या आरंभी मगनबाई यांनी मुंबईत श्राविकाश्रमाचे कार्य उभे केले. त्या दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या. अकाली वैधव्य आल्यावर वडिलांनी त्यांना शास्त्रांचे शिक्षण दिले, आणि त्यांनी ते शिक्षण इतर विधवा व निराधार भगिनींपर्यंत पोहोचविले. घरात संस्कार देणारी स्त्री स्वतः शिकलेली असावी, हा विचार त्यामागे होता.

कंठस्थ ते ग्रंथस्थ

महावीर स्वामींची वाणी शिष्यपरंपरेने जवळजवळ हजार वर्षे मुखोद्गत राहिली. दुष्काळांनी श्रुतधर मुनी काळाच्या पडद्याआड गेले, पाठ विस्मृत होऊ लागले, तेव्हा वीर निर्वाणानंतर ९८० व्या (काहींच्या मते ९९३ व्या) वर्षी वल्लभीपूर येथे देवर्द्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले. कल्पसूत्राचे श्रावकांसमोर वाचनही त्याच सुमारास आनंदपूर येथे सुरू झाल्याचे परंपरा सांगते. तोवर ते श्रमणसंघापुरते होते. ज्ञान काही थोड्यांच्या स्मृतीवर सोपवून निश्चिंत राहता येत नाही, हा धडा संघाने मोठी किंमत देऊन घेतला. पाटण, जैसलमेर, खंभात येथील ज्ञानभांडारे आणि कार्तिक शुद्ध पंचमीची ज्ञानपूजा ही त्या धड्याची फळे होत.

आजची धार्मिक पाठशाळा याच मालिकेतील कडी आहे. मेहसाणा येथे १८९७ मध्ये स्थापन झालेल्या श्री यशोविजयजी जैन संस्कृत पाठशाळेने धार्मिक शिक्षक घडविले आणि ते गावोगावच्या संघांत गेले. आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या श्री महावीर जैन विद्यालयाने आधुनिक उच्च शिक्षण घेणाऱ्या तरुणांना धर्माच्या सान्निध्यात ठेवले. महाराष्ट्राच्या दक्षिण भागात १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेने वसतिगृहांच्या मार्गाने हेच कार्य केले. लहान गावातील पाठशाळेची रीत साधी असते. रोज एक-दोन गाथा घ्यायच्या, पाठ करून द्यायच्या, रविवारी स्नात्रपूजा भणवायची, परीक्षेनंतर प्रभावना आणि बक्षीस. अशा रीतीने दहा-बारा वर्षांचे मूल पंचप्रतिक्रमणाच्या वाटेला लागते.

या पद्धतीचे यश निर्विवाद आहे. परंतु सुवर्णमहोत्सव हा केवळ समाधानाचा प्रसंग नसतो. त्याच तत्त्वार्थसूत्रात मतिज्ञानाच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत : अवग्रह, ईहा, अवाय आणि धारणा. प्रथम वस्तूचा केवळ स्पर्श होतो, मग ती काय असावी याची जिज्ञासा जागते, मग निश्चय होतो आणि शेवटी तो निश्चय स्मृतीत टिकतो. मुलांच्या धार्मिक शिक्षणाकडे या क्रमाने पाहिले तर एक उणीव ध्यानात येते. सूत्र कानावर पडते, हा अवग्रह. सूत्र पाठ होते, ही धारणा म्हणून गणली जाते. मधल्या दोन पायऱ्या मात्र पुष्कळदा गाळल्या जातात. “असे का?” हा मुलाचा प्रश्न म्हणजे ईहा होय, त्याला “प्रश्न विचारू नये” असे उत्तर मिळाले, तर शास्त्रानेच सांगितलेली पायरी आपण काढून घेतो. ईहेवाचून आलेली धारणा परीक्षेपुरती टिकते. शिक्षणासाठी मुंबई-पुण्याला गेलेल्या मुलाला वसतिगृहातील मित्र जेव्हा विचारतात की तू बटाटा का खात नाहीस, तेव्हा पाठ केलेली शंभर सूत्रे त्याच्या मदतीला येत नाहीत. एका प्रश्नाचे समजून घेतलेले उत्तर येते.

शेजाऱ्यांकडून मिळालेले शिक्षण

संस्कार केवळ आपल्याच माणसांकडून मिळतात असे नाही. आगरदांडा, राजपुरी, मुरूड हा परिसर कोळी, आगरी, मुसलमान आणि इतर अनेक समाजांचा आहे. मासेमारी हा येथील मोठा व्यवसाय. अहिंसा हे ज्यांचे पहिले व्रत, त्यांनी अशा गावात दुकान मांडले, उधारी सांभाळली, लग्नकार्यात आहेर केले आणि मुलांना शेजारच्या मुलांबरोबर एकाच बाकावर बसविले. येथे जैन मुलापुढे एक अवघड प्रश्न लहानपणीच उभा राहतो. जे आपल्या घरी पाप म्हटले जाते, ते मित्राच्या घरची भाकरी आहे. मग मित्राकडे कोणत्या दृष्टीने पाहावे?

या प्रश्नाची दोन उत्तरे मूल शिकू शकते. एक तुच्छतेचे, दुसरे मैत्रीचे. घरातील मोठी माणसे शेजाऱ्याविषयी पाठीमागे जे बोलतात, त्यावर मूल कोणते उत्तर शिकेल हे ठरते. आपला आचार कसोशीने पाळावा आणि दुसऱ्याच्या जगण्याची त्याच्या बाजूने पाहून समज ठेवावी, हा अनेकान्ताचा व्यवहार आहे. पुस्तकातील अनेकान्त मोठेपणी कळतो. शेजारधर्मातला अनेकान्त लहानपणीच अंगी बाणावा लागतो. कोण्या सुनावणीत वा सभेत नव्हे, तर दुकानाच्या ओट्यावर, वजनकाट्याशी, ग्राहकाला दिलेल्या हाकेत तो दिसतो. मापात खोट न करणे हा अस्तेय व्रताचाच भाग आहे आणि त्याचा पहिला साक्षीदार गल्ल्याजवळ बसलेले दुकानदाराचे मूल असते.

निसर्गाने या शेजाराला एक सुंदर दुवाही दिला आहे. आषाढात साधू-साध्वींचा विहार थांबतो, कारण पावसाने भूमीवर असंख्य जीवांची उत्पत्ती होते आणि पावलागणिक हिंसा संभवते. त्याच दिवसांत कोळी बांधवांच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, कारण समुद्र खवळलेला असतो आणि तो माशांच्या प्रजननाचा काळही असतो. सरकारनेही १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी ठेवली आहे. नारळी पौर्णिमेला कोळी समाज समुद्राला नारळ अर्पण करतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत पर्युषण येते. कारणे वेगळी, श्रद्धा वेगळ्या. परंतु वर्षातून काही काळ माणसाने आपला हात आवरावा, ही शिकवण खाडीच्या काठी दोन्ही घरांत मिळते. आगरदांड्याचे मूल चातुर्मास केवळ उपाश्रयात शिकत नाही, किनाऱ्यावर उलथ्या पडलेल्या होड्याही त्याला तो शिकवितात.

सहवासातून संस्कार कसे होतात याचे सर्वपरिचित उदाहरण महात्मा गांधींचे. ते जन्माने जैन नव्हते. परंतु राजकोटच्या घरी वडिलांकडे जैन साधूंचे येणे-जाणे असे. १८८८ मध्ये विलायतेस जाताना आईचे मन मानेना, तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा दिली. पुढे मुंबईत श्रीमद् राजचंद्रांचा सहवास लाभला. शेजाऱ्याच्या घरातील धर्म एका मुलाच्या मनात असा रुजला आणि त्यातून जगाने अहिंसेचा एक नवा प्रयोग पाहिला. आपल्या आचाराकडे आपली मुलेच नव्हेत, तर शेजाऱ्यांची मुलेही पाहत असतात, हे त्यावरून ध्यानी यावे.

वारसा घेणे आणि पारखणे

वारसा जसाच्या तसा उचलणे म्हणजे संस्कार, अशी समजूत असते. ती अपुरी आहे. कर्मवीर भाऊराव पाटील २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मले. कोल्हापुरात शिकत असताना ते जैन वसतिगृहात राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेल्यानंतर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये सातारा येथे त्यांनी सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू आणि जेवू लागली. सर्व जीव समान आहेत, ही शिकवण त्यांना घरातून व परंपरेतून मिळालीच होती. त्यांनी ती शब्दशः खरी मानली, आणि जेथे प्रथा त्या शिकवणीच्या आड आली तेथे प्रथा सोडली. अशा मुलाला परंपरेने नाकारावे की त्याच्याकडून शिकावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे येतो. इतिहासाने आपले उत्तर दिले आहे. आज समाज त्यांचे नाव अभिमानाने घेतो.

यावरून एक कसोटी हाती लागते. मूल प्रथा मोडते तेव्हा ते मूल्यही मोडते आहे काय, हे वडीलधाऱ्यांनी पाहावे. आणि मूल प्रथा पाळते तेव्हा त्यामागील मूल्य त्याच्यापर्यंत पोहोचले आहे काय, हेही पाहावे. दुसरी पाहणी पहिलीपेक्षा कठीण आहे.

आजचे चित्र आणि विश्वस्तांचे दायित्व

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात जैनांची संख्या ४४,५१,७५३ असून त्यांपैकी १४,००,३४९ महाराष्ट्रात आहेत. म्हणजे देशातील सुमारे एकतृतीयांश जैन या एका राज्यात राहतात. साक्षरतेत जैन समाज देशात अग्रभागी आहे; त्याच जनगणनेत हे प्रमाण सुमारे ९५ टक्के होते. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले. आकडे पाहता समाजाची स्थिती उत्तम दिसते. परंतु हे आकडे मुख्यतः शहरांचे आहेत. किनाऱ्यावरील लहान गावांचा अनुभव निराळा आहे. शिक्षण आणि व्यवसाय यांसाठी तरुण मुंबई, पनवेल, पुण्याकडे जातात. दुकानाचे शटर वडील उघडतात आणि वडीलच ओढतात. पाठशाळेत मुले कमी होतात, पक्षालीला वृद्ध माणसे राहतात, आणि पर्युषणात मात्र आठ दिवस गाव पुन्हा भरते.

साक्षर समाजाचा अर्थ संस्कारित समाज असा होत नाही. पंच्याण्णव टक्के साक्षरांपैकी किती जणांना प्रतिक्रमणाचा अर्थ सांगता येईल, हे कोणत्याही जनगणनेत मोजले जात नाही. ते मोजण्याचे काम संघाचे आणि ट्रस्टचे आहे.

श्रावकाच्या दानासाठी शास्त्राने सात क्षेत्रे सांगितली आहेत : जिनमूर्ती, जिनमंदिर, जिनागम, साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका. ट्रस्टच्या हिशेबात देवद्रव्य, ज्ञानद्रव्य, साधारण, जीवदया अशी खाती वेगळी ठेवली जातात आणि देवद्रव्य अन्य कामाला लावले जात नाही. ही शिस्त स्वतःच एक शिक्षण आहे. दुसऱ्याने ज्या भावनेने पैसा दिला, ती भावना हिशेबातही जपावयाची असते, हे विश्वस्तांकडे पाहून नवी पिढी शिकते. परंतु सात क्षेत्रांत पहिल्या दोहोंकडे आपला ओघ स्वाभाविकपणे अधिक असतो. संगमरवर दिसतो, बोलीची रक्कम जाहीर होते. ज्ञानखात्याकडे आणि श्रावक-श्राविकांच्या घडणीकडे तेवढे लक्ष जात नाही. जेथे घरे मोजकी आहेत, तेथे या दुर्लक्षाचे परिणाम लवकर दिसतात. मंदिर उभे राहते, आणि त्यात प्रक्षाल-पूजा करणारा हात मिळेनासा होतो.

म्हणून पुढील पन्नास वर्षांसाठी काही साध्या गोष्टींचा विचार व्हावा. पाठशाळेत पाठांतराबरोबर अर्थ मराठीतून सांगितला जावा, कारण येथील मुलांची विचार करण्याची भाषा बव्हंशी मराठी झाली आहे. मुलांचे प्रश्न ऐकण्यासाठी स्वतंत्र वेळ ठेवला जावा. गावाबाहेर स्थायिक झालेल्या कुटुंबांनी पर्युषणाचे आठ दिवस केवळ भेटीगाठींचे न मानता मुलांना येथील मंदिर, खाडी, शेजारी आणि जुनी माणसे यांची ओळख करून देण्याचे मानावे. ज्या वृद्ध श्राविकांना जुनी स्तवने, सज्झाय आणि त्यांच्या चाली येतात, त्या ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. वल्लभीपूरला देवर्द्धिगणींनी जे केले, त्याचा हा लहानसा, गावापुरता अनुवाद होईल. विस्मृती आधी मोठ्या ग्रंथांना गाठत नाही. ती आधी आजीच्या चालींना गाठते.

संवत्सरीच्या संध्याकाळी लहान-थोर सारे हात जोडून ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात. त्या दिवशी वडील मुलाला, सासू सुनेला, मालक नोकराला क्षमा मागतो. मोठ्या माणसाला आपल्यापुढे हात जोडताना पाहिलेले मूल तो क्षण विसरत नाही. क्षमा मागणे हे दुबळेपणाचे लक्षण नाही, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. त्याने ते पाहिलेले असते. आगरदांड्याच्या खाडीकाठी ही वहिवाट ज्यांनी आजवर चालविली, त्या सर्व ज्ञात-अज्ञात श्रावक-श्राविकांचे सुवर्णमहोत्सवी वर्षात कृतज्ञतापूर्वक स्मरण. त्यांनी पुसलेली नाही ती वाट पुढील पिढीच्या पावलांनी रुळलेली राहो, हीच जिनेश्वर चरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.